वालचंदांचा कारखाना ते ओझरचं तेजस: हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा इतिहास आणि अडून राहिलेलं इंजिन

रानवारा

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरमध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने तिथल्याच धावपट्टीवरून उड्डाण केलं. बातमी सगळ्यांनी वाचली असेल. त्या दिवसापासून या कंपनीच्या इतिहासावर एक धागा काढायचं मनात होतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हटलं की सरकारी कारखाना, बंगळूर आणि उशीर एवढंच आपल्याला आठवतं. तिची सुरुवात खासगी होती आणि ती सोलापुरात जन्मलेल्या माणसाने केली, हे अनेकांना नवीन वाटतं.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. आधी रेल्वेची ठेकेदारी, मग १९१९ साली सिंदिया स्टीम नेव्हिगेशन. इंग्रजांच्या मक्तेदारीत देशी जहाज कंपनी उभी करून झाल्यावर त्यांना मोटारीचा कारखाना काढायचा होता आणि त्यासाठी ते १९३९ मध्ये अमेरिकेला गेले होते. प्रशांत महासागरावरून क्लिपर विमानाने परतताना त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंग इथे चिनी सरकारसाठी लढाऊ विमानं जुळवायचा. जपानशी युद्ध चालू असताना, डोंगराळ मुलखात विमानाचा कारखाना चालू शकतो हे ऐकल्यावर वालचंदांनी हिंदुस्थानात तोच उद्योग काढायचं मनावर घेतलं.

दिल्लीतलं सरकार आधी उत्सुक नव्हतं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, ब्रिटन एकटं उरलं, आणि पूर्वेकडे विमानं बांधणारा कुणीतरी हवा हे त्यांना पटलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन, वीज आणि भांडवल देऊ केलं. २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरात 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड' नोंदवली गेली. अमेरिकेतून यंत्रं आली, पॉलीची माणसं आली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो पीसी-५ हे प्रशिक्षण विमान तिथून उडालं. कंपनीला तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात कर्टिस हॉक हे लढाऊ विमानही तिथून उडालं.

पण तोवर कारखाना वालचंदांचा राहिला नव्हता. मार्च १९४१ मध्ये सरकार भागीदार झालं होतं. डिसेंबरात जपान युद्धात उतरला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि एप्रिलात सरकारने वालचंद गटाचे भाग विकत घेऊन व्यवस्थापन ताब्यात घेतलं. म्हैसूरने मात्र आपले भाग विकायला नकार दिला. १९४३ पासून सगळा कारखाना अमेरिकेच्या दहाव्या हवाई दलाकडे गेला. नवीन विमानं बांधणं थांबलं, दुरुस्ती सुरू झाली. कॅटलिना, डाकोटा, बॉम्बर... पूर्वेच्या आघाडीवरची विमानं इथे येऊन पुन्हा उडायची.

माझं म्हणणं असं: या कंपनीच्या पुढच्या ऐंशी वर्षांचं बीज त्या पहिल्या दोन वर्षांत आहे. विमानाचा सांगाडा बांधायला आपण फार लवकर शिकलो, पण इंजिन बाहेरचं, आराखडा बाहेरचा, आणि पुढे काय बांधायचं हा निर्णयही कारखान्याच्या बाहेरचा. याला छेद देणारा एकच काळ येऊन गेला, साधारण १९५० ते १९६५. त्याबद्दल मी लिहितोच, पण आधी इतरांनीही भर घालावी.

---

पन्हाळा

रानवारा, फार चांगला विषय घेतलात. त्या पंधरा वर्षांबद्दल मीच आधी लिहितो, कारण त्यातला मुख्य माणूस आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातला.

डॉ. विष्णु माधव घाटगे, जन्म १९०८. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवेच्या प्रवाहाचं आधुनिक शास्त्र ज्यांच्यापासून सुरू झालं असं मानतात, ते हे प्रांटल. घाटगे परत आले आणि कंपनी सुरू झाली तेव्हापासूनच तिथे होते. युद्धाच्या काळात त्यांनी जी-१ नावाचं ग्लायडर आखलं. बंगळुरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वैमानिकी विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही ते होते. म्हणजे विमान आखणारा आणि विमान आखणारी पिढी शिकवणारा माणूस एकच.

५ ऑगस्ट १९५१ ला त्यांचं एचटी-२ उडालं. दोन आसनी प्रशिक्षण विमान, पुढे दीडशेहून जास्त बांधली गेली. वायुदलाच्या कित्येक पिढ्या त्यावर पहिलं उड्डाण शिकल्या. घानाचं हवाई दल उभं करायला भारताने मदत केली तेव्हा हीच विमानं तिकडे गेली. मग पुष्पक, कृषक, आणि १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान. किरण तर कालपरवापर्यंत उडत होतं.

घाटग्यांचं नाव कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

कातरवेळ

मला यातलं काही माहीत नव्हतं, आधाशासारखं वाचतेय. एक शंका. युद्ध संपल्यावर अमेरिकन गेले, मग १९४५ ते १९५१ कारखान्याने केलं काय? एवढ्या कामगारांचं पोट कसं भरलं?

---

रानवारा

कातरवेळ, अगदी नेमका प्रश्न. रेल्वेचे डबे बांधले! पोलादी डबे आणि बसच्या बॉड्या. रेल्वे डब्यांचा तो विभाग पुढे १९६४ मध्ये वेगळा काढून भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी झाली. मेट्रोचे डबे बांधणारी बीईएमएल ती हीच.

आणि दुसरं काम म्हणजे लिबरेटर विमानांचं. ही गोष्ट सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या कंपनीच्या इतिहासात यापेक्षा मोठा पराक्रम क्वचितच झाला असेल.

युद्धानंतर कानपूरच्या चकेरी तळावर बी-२४ लिबरेटर जातीची चार इंजिनांची कितीतरी बॉम्बर विमानं टाकून दिलेली होती. अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे ती कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवलेली. इंजिनांत वाळू ओतलेली, उपकरणं फोडलेली, सांगाड्यांवर गाड्या घातलेल्या. १९४८ मध्ये काश्मीरचं युद्ध चालू होतं आणि आपल्याकडे जड बॉम्बर एकही नव्हतं. कंपनीची माणसं कानपूरला गेली. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावत, जेमतेम उडण्यापुरती दुरुस्ती करत त्यांनी एकेक विमान तयार केलं. जमशेद मुन्शी हे कंपनीचे चाचणी वैमानिक. त्यांनी ती विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची नीट डागडुजी झाली. अशी चाळीसच्या वर विमानं वायुदलाला मिळाली. १९५१ मध्ये एचटी-२ पहिल्यांदा उडवलं तेही याच मुन्शींनी.

ती लिबरेटर विमानं १९६८ पर्यंत आपल्या वायुदलात होती. जगात इतरत्र ती केव्हाच भंगारात गेली होती. आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात उभं असलेलं लिबरेटर हे भारताने दिलेलं, त्याच चकेरीच्या ढिगाऱ्यातल्या खेपेचं.

---

धावपट्टी

मी वायुदलात तंत्रज्ञ होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही. मारुत या लढाऊ विमानाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९५६ मध्ये सरकारने कुर्ट टँक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं फॉके-वुल्फ १९० हे त्यांचंच. युद्धानंतर ते अर्जेंटिनात होते, तिथून आपले सहकारी घेऊन बंगळूरला आले. आपल्याकडे तेव्हा तेवढ्या मोठ्या कामाला ना वाऱ्याचे बोगदे होते ना अनुभवी आरेखक. तरी त्यांनी आणि आपल्या अभियंत्यांनी मिळून आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बांधलं, डाकोटाच्या मागे बांधून वर नेलं, सोडलं आणि त्याच्या उड्डाणांतून आकार पक्का केला. १७ जून १९६१ ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी एचएफ-२४ मारुत पहिल्यांदा उडवलं. आशियात, सोव्हिएत संघ सोडला तर, ध्वनीच्या वेगाच्या पुढे जाण्यासाठी स्वतःच्याच देशात आखलेलं असं विमान तेव्हा कुणी बांधलं नव्हतं.

पण त्याला ध्वनीचा वेग जेमतेमच गाठता आला, आणि इथे रानवारांचा मुद्दा येतो. टँक यांनी विमान आखलं ते ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीच्या ऑर्फियस १२ या इंजिनासाठी. शेपटीकडे इंधन जाळून जादा जोर देणारं (आफ्टरबर्नरचं) इंजिन होतं ते. ब्रिटिशांनी त्याचा विकास थांबवला, पुढे चालू ठेवायचा तर खर्च भारताने करावा म्हणाले. काही दशलक्ष पौंडांचा प्रश्न होता. दिल्लीने नाही म्हटलं. मग मारुतला बसवलं त्याच घराण्यातलं साधं ऑर्फियस ७०३, दोन नग. सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या लायकीचा आणि जोर अपुरा.

त्यानंतर पर्यायी इंजिनांसाठी किती खटपट केली! इजिप्तमध्ये ई-३०० नावाचं इंजिन तयार होत होतं, म्हणून एक मारुत तिकडे पाठवलं. १९६७ च्या युद्धानंतर ते बारगळलं. मग ऑर्फियसलाच आपल्याकडे आफ्टरबर्नर जोडून पाहिला, तर शेपटीचा घेर वाढून हवेचा अडथळा वाढला. त्याच जातीच्या विमानाची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० ला सुरंजन दास गेले. बंगळुरातला सुरंजन दास रोड त्यांच्याच नावाचा.

तेच कमी जोराचं मारुत १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर लढलं. दोन स्क्वाड्रन होत्या, १० आणि २२० नंबरच्या. पाकिस्तानातल्या नया छोरच्या रेल्वे यार्डावर, रणगाड्यांवर हल्ले केले. जमिनीवरचा मारा खाऊन विमान परत यायचं, एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर यायचं. हवेतल्या झुंजीत एकही मारुत पडलं नाही. एकूण १४७ बांधली आणि १९९० च्या आसपास सगळी निवृत्त झाली.

ज्यांनी त्यावर काम केलं ते त्या विमानाबद्दल अजून आदराने बोलतात, हे मी स्वतः ऐकलंय.

---

उत्तरा

धावपट्टीकाका, नमस्कार. वाचून गलबलून आलं.

एक आकडा मांडते. मारुतचं पहिलं उड्डाण १७ जून १९६१. त्यानंतर भारतात आखलेलं पुढचं नवं लढाऊ विमान, तेजस, उडालं ४ जानेवारी २००१ ला. साडेएकोणचाळीस वर्षं! मारुतवर पंचविशीत काम केलेला अभियंता तेजसच्या आधीच निवृत्त झाला असणार. आरेखन हे पुस्तकात वाचून येत नाही, एका विमानावरची माणसं दुसऱ्या विमानावर गेली तरच टिकतं. ती साखळी तुटली आणि १९८४ मध्ये एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी ही वेगळी संस्था काढून पुन्हा अआईपासून सुरुवात करावी लागली. मारुतला इंजिन मिळालं नाही याहून मोठं नुकसान हे, असं मला वाटतं.

---

गोदाकाठ

मी ओझर टाउनशिपमध्ये वाढलेला. वडील एचएएलमध्ये मिग विभागात होते, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो.

ऑगस्ट १९६२ मध्ये मिग-२१ चा सोव्हिएत करार झाला. त्या विमानांच्या उत्पादनासाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही वेगळी कंपनी काढली. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी आणि बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट एकत्र आल्या आणि आजचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स हे नाव आलं. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. ओझरला कारखाना आला त्यामागे यशवंतराव होते, असं आमच्या जिल्ह्यात आजही मानतात.

द्राक्षांच्या आणि कांद्याच्या मुलखात तो कारखाना आला आणि आमच्या भागाचं सगळं बदललं. आयटीआय झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाने मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करायचं! सातपूर-अंबडमधल्या कितीतरी लहान वर्कशॉपना एचएएलच्या कामाने वळण लागलं. जिग, फिक्श्चर, टायटॅनियमचं मशीनिंग हे शब्द आमच्या घरात जेवताना ऐकायला यायचे.

मिग-२१ ची एकेक आवृत्ती, त्यानंतर मिग-२७ आणि मग सुखोई-३० एमकेआय. २००० च्या करारात १४० होती, वाढत वाढत एचएएलकडची सुखोईंची ऑर्डर २२२ वर गेली. तेव्हा परवान्यावर बांधणं म्हणजे नुसती जुळणी, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. शेवटच्या टप्प्यात सुखोईचा सांगाडा कच्च्या मालापासून इथे होत होता. आराखडा आपला नव्हता हे खरं, पण हात तयार झाले ते याच कामात. तेजसची तिसरी उत्पादन साखळी ओझरला सुरू करता आली ती सुखोई बांधलेले हात आणि हँगर तिथे होते म्हणून.

जाता जाता: ओझरलाच वायुदलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. तो वेगळा, एचएएलचा नाही. बातम्यांत या दोन्हींची नेहमी गल्लत होते.

---

उत्तरा

गोदाकाठ, हात तयार झाले हे शंभर टक्के मान्य. पण बांधण्याचं ज्ञान आणि 'हे असंच का बांधलं' याचं ज्ञान यांत फरक आहे. परवाना देणारा नकाशा देतो, नकाशामागची गणितं देत नाही. सुखोईत पुढे बदल करायचा म्हटला की रशियाकडे जावं लागतं ते त्यामुळेच. १९६५ नंतर मिगची साखळी भरात असताना मारुतच्या पुढच्या आवृत्तीला तितकाच पैसा आणि तितकीच चिकाटी मिळाली असती तर?

---

गोदाकाठ

ताई, तेव्हा समोर प्रसंग काय होता तेही पाहायला हवं. ६२ ला चीन, ६५ ला पाकिस्तान. वायुदलाला विमानं ताबडतोब हवी होती आणि सोव्हिएत संघ रुपयांत, उधारीवर, कारखान्यासकट देत होता. त्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण सत्तरच्या दशकात उसंत मिळाल्यावरही आरेखन विभागाला नवं लढाऊ विमान दिलं नाही, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

---

मंदार_अ

सगळी चर्चा लढाऊ विमानांवर चाललीय, हेलिकॉप्टरचं कुणीच काही म्हणत नाही! माझ्या मते या कंपनीचं खरं यश तिथे आहे.

साठच्या दशकापासून फ्रेंच परवान्यावर चेतक आणि मग चीता. सियाचीनवर १९८४ पासून सैनिकांना रसद पोचवणं, जखमींना खाली आणणं हे चीतावर चालत आलंय. त्यानंतर ध्रुव. जर्मन कंपनीची मदत घेऊन आखलेलं, २० ऑगस्ट १९९२ ला पहिलं उड्डाण. ध्रुववर काम केलेली माणसं आणि अनुभव पुढच्या हेलिकॉप्टरकडे गेला. कारगिलमध्ये इतक्या उंचीवर मारा करणारं हेलिकॉप्टर आपल्याकडे नाही हे लक्षात आलं, त्यातून 'प्रचंड' हे हेलिकॉप्टर जन्माला आलं. ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला ते वायुदलात दाखल झालं आणि मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ ची ऑर्डर मिळाली. उत्तराताई म्हणतात ती न तुटलेली साखळी इथे दिसते.

इंजिनाचंही बघा. 'शक्ती' हे इंजिन फ्रेंच टर्बोमेकाबरोबर मिळून विकसित केलेलं आणि उंचावरच्या विरळ हवेचा विचार करून केलेलं. पूर्ण आपलं नाही, पण गरज आपण सांगितली आणि इंजिन त्या गरजेप्रमाणे झालं. मारुतच्या वेळी नेमकं हेच घडलं नव्हतं.

---

धावपट्टी

मंदार, ध्रुवबद्दल लिहिलंत ते बरोबर, पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. इक्वाडोरने सात ध्रुव घेतली होती, त्यातली चार पडली आणि २०१५ मध्ये त्यांनी करार मोडला. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडून तिघे गेले आणि देशातली सगळी ध्रुव काही महिने जमिनीवर उभी राहिली. उडवणाऱ्याच्या आणि देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने विमानाची खरी परीक्षा कारखान्यातून बाहेर पडल्यावर सुरू होते. सुटे भाग वेळेवर येणं, दोष कळला की त्याच्या मुळाशी जाऊन तो उघडपणे मांडणं, यात कंपनीला अजून पुष्कळ करायचंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये एरो इंडिया या विमान प्रदर्शनात वायुदलप्रमुखांनीच एचएएलवर विश्वास वाटत नसल्याचं बोलून दाखवलं होतं. मला ते ऐकून दुःख झालं, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार. धागा मूळ लेखापेक्षा कितीतरी पुढे गेलाय.

वायुदलप्रमुखांची ती नाराजी तेजसच्या उशिरावर होती, आणि त्या उशिराचं मोठं कारण पुन्हा इंजिनच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर दिली. त्यासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून (जीई) ९९ एफ-४०४ इंजिनं यायची होती. पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५ मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची ऑर्डर दिली, त्याच महिन्यात चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. जुनी विमानं गेली आणि नव्यांचे सांगाडे इंजिनाची वाट बघत उभे.

तेजससाठी देशातच आखलेल्या कावेरी इंजिनाचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं. ते पुरेसा जोर देईना म्हणून तेजसपासून वेगळं करावं लागलं. एफ-४१४ हे पुढचं इंजिन भारतात बांधण्याबद्दल जून २०२३ मध्ये एचएएल आणि जीई यांच्यात समझोता झाला. तो प्रत्यक्षात उतरला तर सांगाड्यांची वाट बघणं कमी होईल, पण इंजिनाच्या गरम भागातली पाती कोणत्या मिश्रधातूची आणि कशी ओततात हे ज्ञान किती हाती येतं, त्यावर माझं सगळं लक्ष आहे. उत्तराताईंनी नकाशा आणि गणितं यांत जो फरक दाखवला, तो इथे तंतोतंत लागू होतो.

आणि मंदारचा मुद्दा मला पटला. इंजिन शंभर टक्के आपलं नसलं तरी ते आपल्या विमानासाठी व्हावं म्हणून वेळेवर पैसे मोजायची तयारी हवी. १९६० च्या आसपास ऑर्फियस १२ साठी ती दाखवली नाही, त्याची किंमत आपण अजून देतोय.

---

इसार

मी म्युनिकला असतो. इथे शहराबाहेर श्लाइसहाइमला जर्मन संग्रहालयाची विमान शाखा आहे, तिथे एक मारुत ठेवलंय. कुर्ट टँक यांचं काम म्हणून त्यांनी ते जपलंय. इकडे कुणी आलं तर चुकवू नका, उपनगरी रेल्वेने सहज जाता येतं.

---

कातरवेळ

आणि आपल्याकडे? मुलाला दाखवायचंय.

---

पन्हाळा

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत आहे. बंगळूरला गेलात तर जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर एचएएलचं संग्रहालय आहे, तिथे एचटी-२, मारुत, किरण सगळी एकत्र बघायला मिळतात. मुलाला घाटग्यांचं नाव आधी सांगून ठेवा.

---